भरल्या ताटावर

१

यमुनाबाई डोर्लेकर मेल्या तेव्हा त्यांच्या पुढ्यात भरलेलं ताट होतं. गरम भात, सुरमईची तळलेली तुकडी, कालवणाची वाटी, मीठ, लिंबू, लोणचं, काही म्हणजे काही कमी नव्हतं. आणि त्या ताटावर तोंड घालून पडलेली बाई वजनाला भरली चौतीस किलो. आठ महिन्यांपूर्वी, मेंदूचा पहिला झटका यायच्या आधी, तीच बाई बावन्न किलोची होती, दोन होड्यांची मालकीण होती, आणि बंदरावर लिलावात तिचा आवाज चढला की दलाल आपसूक गप्प बसत. शवविच्छेदनात दोन गोष्टी निघाल्या. मेंदूत रक्ताची ताजी गुठळी, आणि पोटात चार शितं भात नि लोणच्याची फोड.

पूर्णगडात निकाल लागायला कोर्ट लागत नाही. यमुनाबाईंचा मुलगा हर्षद दर्यावरून आला, त्याने आईचा सापळा पाहिला आणि आईची शुश्रूषा करायला ठेवलेल्या चिमाच्या थोबाडीत ठेवून दिली. चिमा लांज्याच्या पलीकडच्या खेड्यातली, पंचेचाळिशीची, नवरा मुंबईत कामाला. तिला यमुनाबाईंच्या ताटातलं खाताना शेजारणींनी एकदा नव्हे, दहादा पाहिलं होतं. म्हातारीही मरेपर्यंत ओरडत होती, मला उपाशी मारतात म्हणून. आणखी काय हवं? संध्याकाळपर्यंत चिमा पोलीस ठाण्यात होती.

दुसऱ्या दिवशी फौजदार दर्शन शिवलकर रत्नागिरीला डॉ. राजश्री भाटकरांच्या रुग्णालयात आला. यमुनाबाईंना पहिला झटका आला तेव्हा त्यांच्यावर उपचार राजश्रीबाईंनीच केले होते. मेंदू आणि नसांच्या आजारात त्यांचा हात धरणारं जिल्ह्यात कोणी नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःला सर्वांत जास्त ठाऊक होतं. रोगी त्यांच्या कायम लक्षात राहायचा. रोग्याबरोबर आलेलं माणूस मात्र दारातल्या चपलांइतकंच.

"मॅडम, एवढंच लिहून द्या," दर्शन म्हणाला. त्याच्या वडिलांना बाईंनीच पायावर उभं केलं होतं, त्यामुळे तो त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसे. "बाईला गिळता येत होतं, भूक लागत होती, शुद्ध होती. म्हणजे जेवण मिळालं असतं तर ती जेवली असती. चिमाला उद्या कोर्टापुढे उभी करतोय. तुमचा कागद लागला की ती काही सुटत नाही."

राजश्रीबाईंनी यमुनाबाईंची फाइल मागवली. वरचाच कागद दोन महिन्यांपूर्वीचा, त्यांच्याच झोकदार अक्षरातला. *घरचे उपाशी ठेवतात असा भास. प्रत्यक्षात आहार उत्तम. मनाच्या आजाराची गोळी सुरू.* वजनाचा रकाना कोरा होता. वजनकाटा दारामागे, चार पावलांवर होता.

त्यांनी फाइल मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

"आज काही लिहून देत नाही, दर्शन," त्या म्हणाल्या. "आधी मला तुझ्या त्या चिमाला भेटायचंय."

२

चिमाचा डावा गाल सुजून काळानिळा पडला होता. डॉक्टरीणबाईंना बघून ती उठायला गेली, तर कंबर धरून परत बसली. ठाण्यात आणायच्या आधी गावच्या बायकांनीही हात धुऊन घेतले होते.

"मी काय केलंव नाय, डाक्टरीनबाय. तिच्या ताटातलं मी खायची, खोटं कशाला बोलू? पन तिचं जेवून झाल्यावर. उष्टं टाकायचं जिवावर यायचं. गंगुबाय पन म्हनायची, टाकू नुको, तू खा."

गंगुबाई म्हणजे यमुनाबाईंची धाकटी जाऊ. नवरा तरणाताठा दर्यात गेला तेव्हापासून याच घरात राहिलेली.

"तिचं जेवून झाल्यावर म्हणजे? ताट तर भरलेलं असायचं म्हणतात."

"तेच तर सांगते. बाय जेवायची. आपल्या हातानं, चवीनं. भरवू द्यायची नाय, म्हनायची मी काय लुळी हाय? मग ताट सारून बोलायची, झालं माझं, सगळं संपवलं. बघते तर काय, मासा तसाच, कालवन तसंच, भात निम्मा तसाच! म्हटलं, बाय, हे ऱ्हायलं की. तर माझ्यावरच उठायची. कुठं हाय, सटवे? रिकामं ताट दाखवतेस? आणि तासाभरानं भूक, भूक."

"आणखी काय म्हणायची?"

चिमाने आठवून पाहिलं. "म्हनायची, मेल्यांनो, मला मीठ आणि लोनचं वाढता काय रे! रोज तेच. शेजारनी यायच्या, भरलेलं ताट बघायच्या, डोक्याला हात लावायच्या. म्हातारीला येड लागलं म्हनायच्या."

ही तक्रार राजश्रीबाईंच्याही कानावर आली होती, समोरच्या खुर्चीतून, आणि त्या हसल्या होत्या.

"आणि रक्ताची गोळी? ती कोण द्यायचं?"

"ती ताटातच ठेवलेली असायची. कदी घेतलीन नाय. मी गंगुबायला विचारलं, तर म्हनाली, जबरदस्ती केलीस तर थुकते ती, टाक मागल्या दारी. मग तिकडं घुशी मरायला लागल्या. नाकातनं रगत येऊन. मला वाटलं कोनी औषध घातलान."

कोणी घातलं नव्हतं. यमुनाबाईंच्या हृदयाची लय बिघडलेली होती. अशा हृदयात गुठळ्या धरतात आणि सुटून मेंदूत जाऊन बसतात, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज लागते. उंदीर मारायच्या औषधातही हीच जात असते. आठ-दहा दिवस रोज एक गोळी खाल्ली की घूस आतल्या आत रक्त सांडून मरते. पाच महिने घुशींना नेमाने औषध मिळालं आणि जिला द्यायचं तिला मिळालं नाही. दुसरी गुठळी कुठून आली ते कळलं.

बाहेर आल्यावर दर्शनने विचारलं, "काय समजलं?"

"हे समजलं की मेलेली बाई वेडी नव्हती," राजश्रीबाई म्हणाल्या. "आणि चिमा खोटं बोलत नाही. यमुनाबाईंच्या उजव्या मेंदूला रक्त नेणारी नळी बंद पडली होती. डावा हात थोडा लुळा पडला, तो सगळ्यांनी पाहिला. जे दिसत नाही ते वेगळंच. अशा माणसाचे डोळे ठीक असतात, पण डावीकडचं जग त्याच्या खिजगणतीतच राहत नाही. अर्धीच वेणी घालतो, अर्धंच तोंड धुतो, अर्धंच ताट जेवतो. आणि त्याला ते सांगून पटत नाही. त्याच्या लेखी डावीकडे काही नाहीच, मग राहिलं कसं?"

"म्हणजे कुणीतरी जेवण मुद्दाम..."

"डावीकडे ठेवायचं. बस्स. बाकी काही करायला नको. आणि हे घरातल्या एकाच माणसाला माहीत होतं, कारण मी स्वतः त्याला सांगितलं होतं."

"कोणाला?"

"जो चिमाला मारून मोकळा झाला, त्याला. मुलाला."

३

हर्षद डोर्लेकर ठाण्याच्या बाकावर बसला होता. तिशीचा, उन्हाने रापलेला. स्वतः होडी हाकणारा तांडेल म्हणून जायचा, आठ आठ दिवस दर्यावर. डोळे रडून सुजले होते, पण रडणारे डोळे राजश्रीबाईंनी उभ्या जन्मात खंडीभर पाहिले होते.

"आईला घरी सोडताना मी तुला काय सांगितलं होतं?"

"लेफ्ट नेग्लेक्ट का काहीतरी म्हणालात, मॅडम. मी मान हलवली. चार शिकाऊ डॉक्टर तुमच्या भोवती, तुम्ही चालता चालता बोलत होता. मला वाटलं डाव्या हाताकडे दुर्लक्ष करू नका म्हणताय. घरी येऊन सांगितलं, डाव्या हाताला रोज तेल लावा."

"आणि लावलं?"

"रोज. आधी बायको, मग पाच महिने चिमा लावायची."

राजश्रीबाईंना हसूही येईना आणि रागही येईना. हात निगुतीने चोळला आणि बाई उपाशी मेली.

"तू तो फोटो दाखवला होतास मला. दोन महिन्यांपूर्वी. आहे अजून?"

होता. आई गावभर घराण्याची अब्रू काढत होती, म्हणून हर्षदने एका दुपारी तिच्या ताटाचा फोटोच काढून आणला होता. बघा मॅडम, आम्ही उपाशी ठेवतो का! राजश्रीबाईंनी तेव्हा एक नजर टाकली होती आणि म्हणाल्या होत्या, अरे, ताट तर अगदी रीतीप्रमाणे वाढलंय.

आज त्यांनी तो मोठा करून पाहिला. ताट खरोखरच रीतीप्रमाणे होतं. डाव्या अंगाला मीठ, लिंबू, लोणचं, कोशिंबीर. उजव्या अंगाला मासा, कालवण, आणि भाताची मूदही तिकडेच कललेली. त्याच कडेला पांढरी गोळी. फोटोच्या वरच्या कडेला यमुनाबाईंचे निळ्या साडीतले गुडघे आणि ताटाकडे येणारा हात.

राजश्रीबाईंचा चेहरा उतरला. मासा उजवीकडे, भात उजवीकडे, गोळीसुद्धा उजवीकडे. मग ही बाई उपाशी राहीलच कशी? त्यांनी एवढ्या ताठ मानेने मांडलेला सिद्धान्त त्या एका फोटोने आडवा केला होता.

"बायकोला फोन लाव," त्या म्हणाल्या.

हर्षदची बायको वैष्णवी पाच महिन्यांपूर्वी बाळंतपणासाठी अंजनवेलला माहेरी गेली होती. तिकडून बाळाचं रडणं ऐकू येत होतं.

"मी होते तोवर त्या जेवायच्या, डॉक्टर," वैष्णवी म्हणाली. "पण बोलणी काय कमी खाल्ली मी? सारखं आपलं, अळणी आहे, मीठ कुठाय, लोणचं का वाढत नाहीस, तुझ्या बापाच्या घरात चटणी करत नाहीत का. अहो, मी रोज वाढायचे! समोर असायचं आणि हात लावायच्या नाहीत. शेवटी मी म्हटलं, जाऊ दे, रक्तदाबाला बरंच आहे ते. वजन काही उतरलं नव्हतं त्यांचं. मी गेल्यावर स्वयंपाकघर गंगूकाकींकडे गेलं."

वैष्णवीच्या हातचं जेवताना मीठ नाही म्हणून ओरड. ती गेल्यावर मीठच मिळतं म्हणून ओरड. आणि फोटोत मीठ आहे तिथेच, जिथे ते प्रत्येक मराठी ताटात असतं.

"हर्षद," राजश्रीबाईंनी विचारलं, "रुग्णालयात आईजवळ कोण राहायचं?"

"काकी. नऊ दिवस, नऊ रात्री. खाटेखाली चटई टाकून. तुम्ही रोज बघायचात की तिला."

राजश्रीबाईंनी खूप आठवून पाहिलं. खाट आठवली, खिडकी आठवली, यमुनाबाईंचे पांढरे केस आठवले. गंगुबाईचा चेहरा काही केल्या आठवेना.

४

डोर्लेकरांचं घर पूर्णगडच्या किल्ल्याखाली, खाडीकडे तोंड करून. स्लॅबचं, दोन मजली, पुढे जाळी वाळत घातलेली. गंगुबाई दारातच होती. पंचावन्नची असेल, काटकुळी, केस घट्ट बांधलेले. चेहऱ्यावर ना भीती ना दुःख.

"डाक्टरीनबाय इतक्या लांब आल्यात, जेवल्याशिवाय जायचं नाय," ती म्हणाली.

"मी जेवायला आले नाही."

"आलं माणूस उपाशी पाठवायची रीत नाय आमच्यात."

दर्शन बाहेर गाडीपाशी थांबला होता. राजश्रीबाईंना बोलतं ठेवायचं होतं, म्हणून त्या बसल्या. गंगुबाईने त्यांच्यापुढे रिकामं ताट मांडलं, स्वतः समोर उभी राहिली आणि वाकून वाढायला लागली.

"गावात लग्न असो, बारसं असो, पंगत मीच वाढते," ती म्हणाली. "तीस वर्सं झाली. बाय सांगायची, आमच्या गंगूचा हात पंगतीला ठेवा. शंभर पानं वाढलीत तरी मीठ इकडचं तिकडं व्हायचं नाय."

तिचा हात खरंच बघण्यासारखा होता. नजर राजश्रीबाईंच्या चेहऱ्यावर, आणि खाली हात आपला आपण चालत होता. मीठ. लिंबाची फोड. लोणचं. मग पलीकडे सरकून कालवण, तळलेला बांगडा. मधोमध भाताची मूद. राजश्रीबाईंनी खाली पाहिलं. मीठ त्यांच्या डाव्या हाताला, बांगडा उजव्या हाताला. बिनचूक.

त्यांनी मान वर करून समोर उभ्या असलेल्या गंगुबाईकडे पाहिलं. तिच्या बाजूने बघितलं तर मीठ उजवीकडे होतं.

घास हातातच राहिला. त्यांनी मोबाइल काढला, हर्षदने पाठवलेला फोटो उघडला आणि पहिल्यांदाच त्या निळ्या गुडघ्यांकडे नीट पाहिलं. गुडघे फोटोच्या वरच्या कडेला होते. म्हणजे हर्षद खाटेच्या पायथ्याशी, आईच्या समोर उभा होता. ताट त्याला रीतीप्रमाणे दिसत होतं. राजश्रीबाईंना दिसलं होतं. समोरून आलेल्या प्रत्येक शेजारणीला दिसलं होतं. ज्या एका बाईपुढे ते ठेवलेलं होतं, तिला सोडून. तिच्या अंगाने पाहिलं तर मीठ, लिंबू, लोणचं उजवीकडे. मासा, भात, कालवण आणि जीव वाचवणारी गोळी डावीकडे.

ताट उलटं होतं. पाच महिने, दोन्ही वेळ.

समोर उभं राहून वाढताना नवख्या माणसाची अशी चूक होते. दर्शन हेच म्हणेल, कोर्टातला वकील हेच म्हणेल. पण शंभर पानं समोर उभं राहून, न बघता, बिनचूक वाढणाऱ्या हाताची ही चूक होत नाही. हा हात फक्त एकाच माणसाच्या पुढ्यात उलटा चालत होता.

"काय झालं?" गंगुबाईने विचारलं. "मीठ कमी हाय?"

५

"आमच्यात उलटं ताट मेलेल्याला वाढतात," राजश्रीबाई सावकाश म्हणाल्या. "तुमच्यातही तसंच असेल."

गंगुबाईने पळी भातात खोचली, पदराला हात पुसले आणि समोर पाटावर बसली. पळून जायचं, रडायचं, शपथा घ्यायच्या, असलं काही तिने केलं नाही.

"तुमाला कळायला लय दिस लागले," ती म्हणाली. "मला एका दिसात कळलं व्हतं."

"कोणी सांगितलं तुला? हर्षदला तर काहीच समजलं नव्हतं."

"तुमीच. चौथ्या दिसाला. चार पोरं घेऊन आलात, मला म्हणालात, ए मावशी, बाजूला सर. मी भिंतीला टेकून बसले. तुमी बायपुढं ताट ठेवलंत. तिनं उजवीकडचं खाल्लान, म्हणाली संपलं. तुमी ताट गोल फिरवलंत, परत खाल्लान. परत फिरवलंत. तुमी पोरांना बोललात, बघा, म्हातारीला दर वेळी नवीन ताट मिळतंय. पोरं हसली. तुमी पण हसलात. मी नाय हसले. मला घरी येऊन हसू आलं."

राजश्रीबाईंना तो प्रयोग लख्ख आठवला. फार छान झाला होता. पोरांना आयुष्यभर विसरणार नाही असा धडा मिळाला म्हणून त्या दिवसभर खूश होत्या. खोलीत आणखी कोणी शिकत असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"का, गंगुबाई?"

"तेवीस वर्साची व्हते मी. सातवा महिना. वारा उठला व्हता, होड्या कोनी काढत नव्हतं, बायनं काढायला लावलीन. आमचे हे गेले ते आलेच नाय. मग मीच पांढऱ्या पायाची. सकाळी पेज, रात्री पेजेचं पाणी. कोनी समाचाराला आलं की बाय माझ्यापुढं भरलेलं ताट ठेवायची. मासा, भात, सगळं. माणसं बसली तोवर मला हात लावायची सोय नाय, दुःखातलं माणूस कसं खाईल? माणसं गेली की उचलायची. मी शेजारनींना सांगितलं, मला खायला देत नाय. त्या म्हणाल्या, गो, आमी डोळ्यांनी बघितलंव, तुला काय कमी हाय?" तिचा आवाज चढला नाही की कापला नाही. "पोरगी झाली ती मेलेलीच. मुठीएवढं डोकं. बाय म्हणाली, बरं झालं, एक तोंड कमी."

बाहेर जाळ्यांवर कावळे उतरत होते, कुणी त्यांना हाकलत नव्हतं. राजश्रीबाईंना या बाईची कीव आली. त्याहून अधिक भीती वाटली.

"आणि चिमा? तिने तुझं काय वाईट केलं होतं?"

"काय नाय. बाय मेली की कोनावर तरी यायचंच व्हतं. गरिबावर लवकर बसतं." गंगुबाईने राजश्रीबाईंच्या ताटातल्या न खाल्लेल्या बांगड्याकडे पाहिलं. "ती उष्टं खायची, मी खाऊ दिलं. लोकांनी बघितलं, मी बघू दिलं."

"तू हे फौजदाराला सांगशील?"

"सांगेन. मला आता कशाचं काय नाय. पण तुमी तुमचा कागद पण द्यायचा. बायला भास व्हतात म्हणून लिवलंत तो. हर्षदनं तुमच्याकडनं आल्यावर मला वाचून दाखवलान. तोवर मी भीत व्हते, डाक्टरच्या नजरेला येईल, आज धरतील, उद्या धरतील. तुमच्या कागदानं मी निवांत झाले. डाक्टरनंच लिवून दिलं, बाय खोटं बोलते! मग कोन इस्वास ठेवणार तिच्यावर?" ती पहिल्यांदाच किंचित हसली. "आमच्याकडचा कागद चुलीत गेला. आता तुमच्याकडचा काय तो. तो नाय दिलात तर मी पण म्हणेन, वाढताना चुकलं. म्हातारं माणूस, व्हतं चुकून. मग ऱ्हावूदे चिमा आत."

६

रत्नागिरीला येईपर्यंत राजश्रीबाईंच्या डोक्यात तो एकच कागद होता. कागद त्यांच्या कपाटात होता. फाडायला दोन क्षण लागले असते. तीस वर्षांचं नाव, पाटी बघून येणारी माणसं, शिकायला येणारी पोरं, सगळं त्या दोन क्षणांत वाचलं असतं आणि पोलीस ठाण्यात सुजल्या गालाची एक बाई सडली असती. उपाशी रोगी समोर बसून भूक लागलीय म्हणतो आणि डॉक्टर त्याचं वजनही करत नाही, हे वाचल्यावर कोण पायरी चढणार होतं? त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही कपाटाच्या किल्लीवर हात बराच वेळ थांबला.

मग त्यांनी फाइल काढली आणि ठाण्यावर गेल्या.

दर्शनने कागद दोनदा वाचला. गंगुबाई बाजूच्या खोलीत शांतपणे जबाब देत होती, विचारलं तेवढंच नव्हे तर न विचारलेलंही.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "हा पंचनाम्यात आला की वर्तमानपत्रवाले तुम्हाला फाडून खातील. तुम्ही दाखवला नसता तर मला कळलंही नसतं."

"तुला नसतं कळलं. लाव तो फाइलला."

बाकावर हर्षद होता. त्याला सगळं समजलं होतं. तो काकीच्या अंगावर धावून गेला नाही. मोबाइलमधला तो फोटो समोर धरून बसला होता आणि मोबाइल पुन्हा पुन्हा उलटा करून बघत होता. "मी समोरच उभा होतो," तो म्हणाला. "तिने हात पुढे केला होता हो. मी म्हटलं, थांब, आधी फोटो काढू दे."

चार वाजता चिमाला सोडलं. तिने सही म्हणून अंगठा दिला आणि पायऱ्या उतरून खाली आली. राजश्रीबाई तिची वाट बघत उभ्या होत्या. गेल्या दोन दिवसांत त्यांनी बरंच काही पणाला लावलं होतं आणि ते हिच्यासाठी. चार चांगले शब्द ऐकावेत असं त्यांनाही वाटत होतं, माणूसच त्या.

"चिमा, तुझा काही दोष नाही. ते आता लेखी झालं," त्या म्हणाल्या. "माझ्या रुग्णालयात काम आहे. उद्यापासून ये."

चिमा म्हणाली, "डाक्टरीनबाय, एक इचारू? ती रोज माझा हात धरून सांगायची, भूक लागलीय गो. रोज. मला तिचं पटायचं थोडं थोडं. डोळ्यांत दिसायचं तिच्या. खोटं बोलनाऱ्याचे डोळे तसे नसतात."

"मग कोणाला बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? तिनं खाल्लं असतं तर मला काय मिळालं असतं? माझ्या घरी म्हातारी सासू हाय, तिला मी रोज तो मासा डब्यात घालून लांज्याच्या बशीनं धाडायची. ताट भरलेलं परत आलं की मला बरं वाटायचं. देवाला सांगायची, आज पन तिची भूक मरूदे." तिने सुजल्या गालावरून हात फिरवला. "गंगुबायला कलम लागलं. तुमचा कागद लागला. माझ्याला कायच नाय?"

आणि चिमा पिशवी काखेत मारून लांज्याची बस धरायला निघून गेली.